सोलापुरात थंडी नसते

"सोलापुरात थंडी नसते," असं मल्लिनाथराव फोनवर म्हणाले, आणि तेही स्पीकरवर म्हणाले. कानाला लावून म्हणाले असते तर पुढेमागे कानावर हात तरी ठेवता आले असते. पण समोर बायको चंद्रिका बसलेली, दारात खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाई वाटीभर साखरेसाठी उभ्या, आणि पलीकडे बेंगळुरूत चंद्रिकेचा चुलतभाऊ शिवानंद. इतक्या साक्षीदारांसमोर बोललेलं परत गिळता येत नाही.

"भावजी, परत एकदा सांगतो," शिवानंद म्हणाला. "गेल्या वर्षी अप्पा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला आले, कुंभारीला पाहुण्यांकडं उतरले आणि यात्रा आटोपताच छाती भरून सहा दिवस दवाखान्यात पडले. डॉक्टर नको म्हणतात, मी नको म्हणतो. पण ते दोन दिवस जेवले नाहीत हो. म्हणून पाठवतो. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी व्हिडिओ कॉल करणार. अप्पा एकदा जरी खोकलेले ऐकू आले तरी त्याच दिवशीचं परतीचं तिकीट. आणि मग गड्डा कायमचा बंद."

"अरे, खोकायला थंडी लागते," मल्लिनाथराव म्हणाले. "सोलापुरात—" आणि पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे.

अप्पा म्हणजे सिद्रामप्पा, शिवानंदचे वडील आणि चंद्रिकेच्या वडिलांचे थोरले भाऊ. वय एक्क्याऐंशी. घरात सगळे त्यांना कानडी वळणानं दोड्डप्पा म्हणायचे आणि त्यांच्या पत्नीला, नागम्मांना, दोड्डव्वा. दोड्डप्पांनी सत्तर वर्षांत सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता एकदाही चुकवलेल्या नव्हत्या. तरुणपणी यात्रेचा पांढरा अंगरखा, बाराबंदी, घालून त्यांनी मिरवणुकीतला जडजूड नंदीध्वजही पेलला होता, आणि त्या खांद्यावरचा घट्टा ते अजूनही पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवायचे.

फोन ठेवला आणि तिसऱ्या दिवशी थंडीची लाट आली.

साधी नव्हे. बागेत रोज सकाळी जमणारा हास्यक्लब, तोंड उघडलं की दात वाजतात म्हणून, आठवडाभर मनातल्या मनात हसला. मल्लिनाथरावांच्या जुळे सोलापूर भागात कपातला चहा बशीत ओतेपर्यंत दोनदा गरम करावा लागत होता. मल्लिनाथरावांनी खोलीचं तापमान बघायला तापाचा थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला. पारा जो खाली बसला तो नंतर चंद्रिकेच्या काखेतही वर यायला तयार होईना.

आता सोलापूरकराचं एक आहे. उन्हाळ्याशी कसं झुंजायचं ते त्याला आईच्या पोटातच शिकवलेलं असतं. घर बांधताना तो विचारतो, वारा कुठून येईल? फरशी कुठली गार पडेल? ऊन कुठून अडवायचं? घरातली ऊब बाहेर घालवायचे शंभर मार्ग त्याला ठाऊक; तीच घरात कशी ठेवायची याचा विचार त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलेला नाही. मल्लिनाथराव पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते. निवृत्तीनंतर त्यांनी वरच्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेतला तो उत्तरेच्या खोलीसाठी. दोन मोठ्या खिडक्या, पायाला चटका देईल इतकी गार फरशी, आणि खिडकीत सिमेंटनं कायमचा बसवलेला लोखंडी कूलर. मे महिन्यात तिथं झोपायला नातेवाईक नंबर लावायचे. ती पाहुण्यांची खोली. दोड्डप्पा-दोड्डव्वांना दुसरी देणं म्हणजे अपमान.

घराला पश्चिमेकडेही एक खोली होती, पण तिचा उल्लेख करायचा नसे. दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत ऊन तिच्या भिंतीवर, आणि डोक्यावर उघडी गच्ची. घरात तिचं नाव भट्टी. तिथं जुने पंखे, पापडांचे डबे आणि आहेराची ट्रंक ठेवलेली.

ट्रंकेचंही सांगायला हवं. जगभर लोक सोलापुरी चादर पांघरतात. सोलापुरात ती देतात. लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला, निवृत्तीला, चादर. आणि आलेली चादर फोडायची नसते, पुढच्या कार्यात द्यायची असते. मल्लिनाथरावांच्या ट्रंकेत अशा सतरा चादरी करकरीत पाकिटांत होत्या, आणि देणाऱ्यालाच त्याची चादर परत जाऊ नये म्हणून भांडारपालाच्या शिस्तीनं प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी होती. घरात पांघरायला मात्र पानिपतहून आलेली मऊ ब्लँकेटं. वजनाला हलकी आणि उबेलाही हलकी.

"ट्रंक उघडूया का?" चंद्रिकेनं विचारलं.

"आणि मग फाल्गुनातल्या तीन लग्नांना काय ब्लँकेट द्यायचं?" मल्लिनाथरावांनी विचारलं. विषय संपला.

ते हीटर आणायला गेले. दुकानदारानं त्यांच्याकडं जरा काळजीनं पाहिलं. "साहेब, बावीस वर्षं धंदा करतोय. हीटर मागणारं पहिलं गिऱ्हाईक तुमी. बरं वाटतंय नव्हं? कूलर दाखवू का? आता स्वस्तात हाय की." शेवटी माळ्यावरून एक खोकं निघालं. घरी येऊन मल्लिनाथरावांनी दोन्ही कांड्या लावल्या. मीटरवरचा लाल दिवा एरवी सुस्त लुकलुकायचा, तो घाबरल्यासारखा फडफडायला लागला. ते त्या दिव्याकडं बघत उभे असतानाच फट्ट झालं, आणि आख्ख्या इमारतीचा उजवा भाग अंधारात गेला. मुक्ताबाईंचं मिक्सरमधलं वाटण अर्ध्यावर राहिलं. सोसायटीच्या सचिवांनी फळ्यावर लिहिलं, 'काही सभासदांनी आपली पायरी ओळखून उपकरणे वापरावीत.' नाव नव्हतं, पण फळ्यासमोर थांबणारा प्रत्येक जण वळून मल्लिनाथरावांच्या गॅलरीकडं बघत होता. हीटर खोक्यात गेला.

अकरा जानेवारीला पाहुणे आले. दोड्डप्पा कानटोपीत, दोड्डव्वा काठापदराच्या इरकलीत. घर बघता बघता दोड्डव्वांनी भट्टीचं दार ढकललं, आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"अय्यो, हितं काय छान—"

"ती अडगळ, दोड्डव्वा, अडगळ!" मल्लिनाथरावांनी धावत जाऊन दार ओढून घेतलं. घरातली लाज पाहुण्यांना दिसली की त्यांचे कान लाल व्हायचे. "तुमची खोली इकडं. उत्तरेची. घरातली सगळ्यात भारी."

दोड्डप्पा त्या भारी खोलीत गेले, पलंगावर टेकले, आणि शिंकले.

भिंतीवरच्या घड्याळात सातला दहा कमी होते. चंद्रिकेनं झटकन हळदीचं दूध आणलं. दोड्डप्पांनी ते पिऊन नाक चोळलं, पुन्हा डोळे बारीक केले, तोंड उघडलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं. तिघंही श्वास रोखून त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिली. मग ते मिटलं. बरोबर सातला फोन वाजला.

"अप्पा, कसं वाटतंय?"

"मस्त," दोड्डप्पा म्हणाले. "चळी नाही, थंडी नाही, काही नाही." ब्लँकेटातून फक्त डोळे बाहेर होते, पण उजेड कमी होता म्हणून भागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मल्लिनाथरावांना वर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. गच्चीवर जाऊन बघतात तर शहात्तर वर्षांच्या दोड्डव्वा गादी उन्हात पसरत होत्या.

"हे काय? आमच्या घरात पाहुण्यांनी गाद्या वाहायच्या? शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"अहो जावईबापू, ऊन हाय की फुकटचं. चारला गुंडाळून खाली न्यायची, बघा कशी—"

पण मल्लिनाथरावांनी ऐकलं नाही. गादी खांद्यावर टाकून खाली आणली आणि गार फरशीवरच्या गार पलंगावर पुन्हा इज्जतीनं घातली. मागोमाग घरात शिरताना दोड्डव्वांनी भट्टीच्या बंद दाराकडं एकदा पाहिलं, इतकंच.

त्या दिवशी मुक्ताबाईंचा सल्ला आला. मुक्ताबाई करकंबच्या. "हीटर कशाला लागतोय? भुशाची शेगडी पेटवा की. आमच्या गावाकडं एका शेगडीवर आख्खा गोठा गरम व्हायचा. म्हशी घामाघूम!" शेगडीही त्यांनीच दिली आणि भुशाचं पोतंही. म्हशींना धूर चालायचा का, हे विचारायचं राहून गेलं. दोड्डप्पांना बाहेरच्या खोलीत बसवून मल्लिनाथरावांनी शेगडी पेटवली. भुसा दमट होता. त्यातून आधी एक बारीक पांढरी रेघ निघाली, मग दोरी निघाली, आणि मग असा काही लोट उठला की मल्लिनाथरावांना स्वतःचा हात दिसेना. खिडक्या उघडल्या तसा धूर दोन्हीकडून बाहेर पडला. समोरच्या इमारतीतल्या कुणा भल्या माणसानं फोन केला, आणि पावणेसातला घंटा वाजवत अग्निशामक दलाची लाल गाडी दारात.

हेल्मेट घातलेले चार जण वर आले. त्यांच्या प्रमुखानं शेगडीवर एक तांब्या ओतला आणि वही काढली.

"आग कुठं लागली?"

"लागली नाही."

"मग आमी विझवलं काय?"

"तेच तर म्हणतोय, काही नाही विझवलं."

"असं कसं, साहेब? गाडी आलीय. 'आगीचे कारण' हा रकाना हाय. रिकामा सोडता येत न्हाय."

"लिहा, पाहुणे."

प्रमुखानं पेन थांबवून त्यांच्याकडं बघितलं. "पाहुण्यांमुळं?"

"पाहुण्यांसाठी!"

एवढ्यात सात वाजले. चंद्रिकेनं फोन दोड्डप्पांसमोर धरला. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते आणि छातीत काहीतरी वर येऊ बघत होतं. त्यांनी ते दाबून धरलं, इतकं की कानटोपी हलली. मागून दोन हेल्मेटं गेली.

"अप्पा, ते कोण?"

"गड्ड्याचा बंदोबस्त," मल्लिनाथरावांनी मधेच तोंड घातलं. "यंदा घरोघर आहे."

फोन बंद झाला आणि दोड्डप्पा खोकले. तीनदा. चंद्रिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, उद्या हेच कॉल चालू असताना झालं तर? अक्षता परवा दुपारी आहेत. दोन दिवस निघाले तर निघाले. नाहीतर ह्या वयात त्यांना पुन्हा कोण आणणार?" धूर जावा म्हणून उत्तरेच्या खोलीच्या खिडक्या जेवणं होईपर्यंत उघड्या ठेवाव्या लागल्या, आणि शहरात जेवढी म्हणून थंडी शिल्लक होती तेवढी आत येऊन बसली.

तेरा तारखेला जोतीराम आले. जोतीराम पलीकडच्या दारातले, शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक. त्यांच्या बोलण्यात कायम परीक्षानळी धरल्यासारखी सावधगिरी असे.

"मल्लिनाथराव, कूलर हवा गार का देतो?"

"पाण्यामुळं."

"कसल्या पाण्यामुळं?"

"गार पाण्यामुळं."

"बरोबर. मग त्यात गरम पाणी घातलं तर?"

मल्लिनाथरावांचे डोळे विस्फारले. इतकी सोपी गोष्ट! आख्खं सोलापूर दर खिडकीत एक हीटर टांगून बसलं होतं आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! बंब पेटवला. सहा बादल्या कढत पाणी कूलरच्या टाकीत गेलं. दोड्डप्पा गच्चीवर उन्हात बसले होते; ते खाली यायच्या आत खोली तापवून त्यांना चकित करायचं ठरलं. ऊब नीट कळावी म्हणून मल्लिनाथराव नुसत्या बनियनवर, हात पसरून, कूलरच्या बरोबर समोर उभे राहिले. जोतीरामांनी दरवाज्यातूनच बटण दाबलं. शास्त्रज्ञ लांब उभा राहतो.

आधी पारव्याचं घरटं आलं. मग गेल्या मेची धूळ आली. मग गवताच्या जाळ्यांतून भिजक्या गोणपाटाचा वास आला, आणि दोन श्वास, फक्त दोन, खरोखर कोमट वारा आला. मल्लिनाथराव "वा!" म्हणायला तोंड उघडतात तोच पंख्यानं वेग घेतला आणि कूलर आपलं खरं काम आठवून कामाला लागला. बर्फासारखा ओला झोत. तुषार. "बंद करा!" मल्लिनाथराव ओरडले. जोतीरामांनी बटण फिरवलं. बटण त्यांच्या हातात आलं.

"हे अनपेक्षित आहे," जोतीराम म्हणाले.

मेन स्विच बंद होईपर्यंत मल्लिनाथराव नखशिखांत भिजले, डोक्यावर दोन पिसं चिकटली, आणि उत्तरेच्या खोलीत घोटाभर नाही तरी बोटभर पाणी साचलं. खालून मुक्ताबाईंनी विचारलं, "पाऊस लागला का हो तुमच्याकडं?"

खोली पुसून घेतली, पण फरशी ओलीच राहिली. संध्याकाळी सातच्या कॉलला शिवानंद "अप्पा, उद्या अक्षता ना?" म्हणाला, दोड्डप्पांचा चेहरा फुलला, ते कानडीत होकार देत "हौदू" म्हणाले आणि त्या शब्दाच्या शेपटाला धरून एक खोकला बाहेर पडला. बारीक. पण पडला.

"काय झालं?"

"मी खोकलो," मल्लिनाथराव म्हणाले.

शिवानंदनं पडद्याला डोळा लावला. "भावजी, उद्या सकाळी सातला अप्पांना कॅमेऱ्यासमोर नीट बसवा. पाच मिनिटं बोलणार आहे मी त्यांच्याशी. एकदा जरी ऐकू आलं तरी दहाच्या गाडीचं तिकीट. अक्षता वगैरे काही नाही."

दोड्डप्पा खुंटीवर लावलेल्या पांढऱ्या बाराबंदीकडं बघत बसले. दोड्डव्वांनी ती उतरवली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. परतीच्या पिशवीत. मल्लिनाथरावांना वाटलं, सोसायटीचा फळा परवडला.

सकाळी सहाला चंद्रिका किंचाळली.

उत्तरेच्या खोलीत पलंग रिकामा होता. ब्लँकेटं घडी घालून ठेवलेली. चपला जागेवर. दोड्डप्पा नाहीत, दोड्डव्वा नाहीत. मल्लिनाथराव बाथरूममध्ये बघून आले, गच्चीवर बघून आले. जिन्यात जोतीराम भेटले. "एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पायात काही न घालता ह्या थंडीत किती लांब जाऊ शकतो, याचा विचार केला पाहिजे," ते म्हणाले आणि चंद्रिका रडायलाच लागली. मुक्ताबाई फाटकापर्यंत पळत जाऊन आल्या. साडेसहा. पावणेसात. अनवाणी, ओल्या फरशीवर इकडून तिकडं धावताना मल्लिनाथरावांना आपल्या छातीत काहीतरी खरखरतंय असं वाटलं, पण तिकडं लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

सातला पाच कमी असताना त्यांना घोरणं ऐकू आलं.

भट्टीतून.

दार उघडलं तर आतून अशी ऊब तोंडावर आली की मे महिन्याची आठवण व्हावी. काल दिवसभर उन्हात भाजलेली भिंत अजून आपली धग सोडत होती. ट्रंक सताड उघडी. जमिनीवर, दोड्डव्वांनी काल दुपारी कुणाला न सांगता गच्चीवर तापवून आणलेल्या गोधडीवर, पापडांच्या डब्यांच्या मधोमध, दोड्डप्पा झोपले होते. खाली तीन चादरी, वर चार. कपाळावर घाम. कानटोपी काढून फेकलेली. शेजारी पाकिटांचा आणि चिठ्ठ्यांचा ढीग, आणि दोड्डव्वा शांतपणे बाराबंदीला नाड्या लावत बसलेल्या.

"पहिल्या दिवशीच सांगत होते," त्या म्हणाल्या. "पण तुमचा मान लई मोठा. म्हटलं, असू दे, मान तिकडं झोपू दे. आमी हितं झोपतो."

फोन वाजला.

दोड्डप्पा डोळे चोळत उठून बसले. चेहरा तांबूस, छाती मोकळी. शिवानंदनं पाच मिनिटं बोलून घेतलं. रेल्वेचं बोलला, पिकाचं बोलला, मुद्दाम हसवून बघितलं. दोड्डप्पा ठणठणीत हसले. सव्वाचार मिनिटं झाली. साडेचार. मल्लिनाथरावांनी दाराची चौकट घट्ट धरली, ओठ मिटले, डोळे मिटले, कालचा कूलर आठवू नये म्हणून देवाचं नाव घेतलं.

आणि मग ते खोकले. साधं नाही. सिमेंटची पोती गाडीतून ढकलावीत तसं, एकामागून एक.

"अप्पा!" शिवानंद ओरडला.

"मी नाही रे." दोड्डप्पांनी फोन फिरवला. पडद्यावर लाल नाकाचे, थरथरणारे मल्लिनाथराव दिसले. एक पीस अजून केसांत होतं.

"म्हणजे घरात खोकला आहे! तुम्हाला लागणार तो. ते काही नाही, मी तिकीट काढतो."

चंद्रिकेनं पदर तोंडाला लावला. सगळं संपलं होतं. चार दिवसांची धडपड, हीटर, शेगडी, कूलर, आणि शेवटी दगा दिला तो मल्लिनाथरावांच्याच घशानं.

दोड्डप्पांनी फोन स्वतःकडं वळवला. आवाज खाली आणला, पंचायतीत बसल्यासारखा.

"शिवानंद, तुला कळतंय का तू काय बोलतोस? आपल्या घरची लेक ह्या घरात दिली आहे. जावई अंथरुणाला खिळलेत. त्यांना असं टाकून सासरची माणसं यात्रेच्या दिवशी निघून गेली, हे समाजात कळलं तर तुझ्या मुलीला उद्या स्थळं कोण आणेल?"

शिवानंदचा आवाज उतरला.

"मग... किती दिवस लागतील?"

दोड्डप्पांनी मल्लिनाथरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मल्लिनाथरावांनी, शहाणा माणूस, आणखी एकदा खोकून दाखवलं.

"बघू," दोड्डप्पा म्हणाले. "यात्रा संपेपर्यंत काही उठतील असं वाटत नाही."

दुपारी दोड्डप्पा अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यावर गेले. मल्लिनाथराव काही जाऊ शकले नाहीत. ते भट्टीत, सात चादरींखाली, दोड्डव्वांचा काढा पीत पडून होते. लांबून हलग्यांचा आवाज आला आणि गेला. उन्हं उतरताना दोड्डप्पा परतले, शेजारी बसले, मुठीत राखून आणलेले पिवळे तांदळाचे दाणे त्यांनी जावयाच्या डोक्यावर टाकले. मग सगळ्यात वरच्या चादरीचा काठ बोटांत धरून बघितला. ढिगातून एक चिठ्ठी उचलली. वाचली.

"ही मीच दिली होती की. तुमच्या वास्तुशांतीला."

मल्लिनाथरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. भिंत अजून गरम होती, आणि आता कानही.

"अकरा वर्षं," दोड्डप्पा म्हणाले. "उघडून तरी बघायची, जावईबापू. लई उबदार आहे." त्यांनी ती मल्लिनाथरावांच्या गळ्यापर्यंत ओढून नीट खोचली. "पुढच्या वर्षी आम्हाला हीच खोली ठेवा."

"ही खोली पाहुण्यांना द्यायची नसते, दोड्डप्पा," मल्लिनाथराव घशातून कसंबसं म्हणाले.

"तेच म्हणतोय," दोड्डप्पा म्हणाले, आणि ट्रंकेला पाठ टेकून त्यांनी पाय पसरले. "आम्ही कुठं पाहुणे?"